ड्राफ्टमधल्या निवडीवर वाद घालताना संघाची गरज कशी ओळखावी

२०२१ च्या एप्रिलमध्ये सिनसिनाटी बेंगल्सच्या चाहत्यांत उभी फूट पडली होती. संघाकडे एनएफएल, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमधली (कॉलेजमधल्या खेळाडूंची संघांनी पाळीपाळीने करायची वार्षिक निवड) पाचवी निवड होती आणि चर्चेत नावे दोनच होती: लुइझियाना स्टेटचा वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) जमार चेस आणि ओरेगनचा टॅकल (आक्रमणाच्या लाइनच्या टोकाला राहून चेंडू फेकणाऱ्याचे रक्षण करणारा) पनेई सूअल. आदल्या नोव्हेंबरमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा सूत्रधार, जो बरो याच्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले होते, आणि जायबंदी होईपर्यंतच्या दहा सामन्यांत त्याला ३२ वेळा सॅक केले गेले होते, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडले गेले होते. क्वार्टरबॅकला उभेच राहू दिले नाही तर चेंडू फेकणार कोण, असे एका बाजूचे म्हणणे होते. कॉलेजमध्ये ज्याच्या साथीने बरोने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले तो रिसीव्हर समोर असताना त्याला सोडायचे कसे, असे दुसऱ्या बाजूचे.

संघाने चेसला निवडले. पहिल्याच हंगामात त्याने १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन मिळवले आणि संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोहोचला. त्याच हंगामात बरोला ५१ वेळा सॅक केले गेले, लीगमध्ये सर्वाधिक. अंतिम सामन्यात आणखी सात सॅक झाले, आणि शेवटी चौथ्या डाउनवर, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, फक्त १ यार्ड हवा असताना प्रतिस्पर्धी रॅम्सच्या ॲरन डॉनल्डने बरोला कवेत घेऊन असे गरकन फिरवले की त्याने कसाबसा भिरकावलेला चेंडू जमिनीवर पडला. सामना २३–२० असा हातचा गेला. त्या एका क्षणाचा दाखला दोन्ही बाजू देत आल्या आहेत: एक म्हणते की चेसमुळेच संघ तिथवर गेला, दुसरी म्हणते की लाइन नसल्यामुळेच तो तिथून परतला.

माझ्या मते हा वाद चुकीच्या जागी अडकला. तो कुठे जायला हवा होता हे दाखवताना, कोणत्याही संघाच्या ड्राफ्टवर मुद्देसूद वाद कसा घालावा याची पद्धत मांडता येते. म्हणून हेच उदाहरण शेवटपर्यंत हाताशी ठेवतो.

सर्वांत आधी कागद घ्यावा आणि संघातील प्रत्येक जागेपुढे पहिल्या पसंतीचा खेळाडू, त्याच्यामागचा राखीव खेळाडू आणि दोघांचे करार कोणत्या वर्षी संपतात हे लिहावे. बहुतेक चाहते फक्त नावे लिहितात, वर्ष लिहीत नाहीत, आणि घोळ तिथेच होतो. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो व पाचव्या वर्षाचा पर्याय संघाकडे असतो. बाकीच्या फेऱ्यांत तो पर्याय नसतो. म्हणजे ड्राफ्ट ही येत्या सप्टेंबरची खरेदी नसून पुढच्या चार-पाच हंगामांची बांधणी आहे. ज्या जागेवर आज उत्तम खेळाडू आहे पण त्याचा करार पुढच्या वर्षी संपतो आणि मागे कोणी तयार नाही, ती जागा रिकामीच समजावी. उलट, ज्या जागेने गेल्या हंगामात सगळ्यांना रडवले, पण जिथला तरुण खेळाडू दुखापतीतून परत येतो आहे, ती कदाचित रिकामी नसेलही. गेल्या हंगामाची जखम आणि पुढच्या हंगामांची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वादातली बहुतेक उष्णता पहिलीला दुसरी समजल्यामुळे निर्माण होते.

हा कागद मार्चच्या मध्यानंतरच पक्का करावा, कारण फ्री एजंटांची (करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंची) खरेदी ड्राफ्टच्या आधी होते. बेंगल्सचे तेव्हाचे चित्र पाहा. डावा टॅकल जोना विल्यम्स २०१९ मध्ये पहिल्या फेरीत घेतलेला होता आणि त्याचा करार शिल्लक होता. उजव्या बाजूला रायली रीफ याला मार्चमध्ये एका वर्षासाठी आणले होते. रिसीव्हरांपैकी टी हिगिन्स आणि टायलर बॉइड होते, पण ए. जे. ग्रीन ॲरिझोनाला निघून गेला होता. कागदावर पाहिले तर टॅकलच्या दोन्ही जागा त्या हंगामापुरत्या भरलेल्या होत्या आणि तिसऱ्या रिसीव्हरची जागा सताड उघडी होती. खरी पोकळी लाइनच्या मधोमध, गार्डच्या जागी होती. सूअलच्या बाजूने वाद घालणाऱ्याने "बरोला वाचवा" एवढेच म्हणून थांबायला नको होते. "रीफ एका वर्षानंतर जाईल, तोवर सूअलला गार्ड म्हणून खेळवा आणि नंतर टॅकलवर हलवा" असे म्हणायला हवे होते. तो मुद्दा खरोखर वजनदार होता.

जागा मोजताना आणखी एक सवय सोडावी लागते, ती म्हणजे आक्रमणातले अकरा आणि बचावातले अकरा मिळून बावीस खेळाडू मोजण्याची. रोस्टर (संघाची यादी) ५३ जणांचे असते, आणि सामन्याच्या दिवशी त्यांतले जास्तीत जास्त ४८ उपलब्ध असतात. आज बहुतेक संघ बचावात निम्म्याहून अधिक स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू होणारा प्रत्येक डाव) पाच डिफेन्सिव्ह बॅक (मागे राहून पास अडवणारे बचावपटू) उतरवून खेळतात, त्यामुळे त्यांच्यातला तिसरा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा) हा नावापुरता राखीव असला तरी व्यवहारात पहिल्या पसंतीचा खेळाडू असतो, तर तिसरा लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू) बराच वेळ बाहेर बसतो. म्हणून प्रत्येक नावापुढे गेल्या हंगामातली स्नॅपची टक्केवारीही लिहावी. ज्याच्यावरून तास-तास भांडण चालते तो खेळाडू पाचातला एक स्नॅपसुद्धा खेळत नाही, असे कधी कधी यातून उघड होते.

आता या पद्धतीचा गाभा. पहिल्या फेरीतला खेळाडू कधीही एकटा तोलू नये. त्याच्यासोबत पुढच्या फेरीत काय मिळू शकते ते जोडून तोलावे. बेंगल्सपुढचा प्रश्न "चेस की सूअल" हा नव्हताच. तो "चेस आणि दुसऱ्या फेरीतला लाइनमन, की सूअल आणि नंतरच्या फेरीतला रिसीव्हर" असा होता. तो असा मांडला की कोणत्या जागेचे चांगले खेळाडू त्या वर्षी नंतरच्या फेऱ्यांपर्यंत उपलब्ध आहेत हे शोधावे लागते, आणि वाद आपोआप सुधारतो. दुसऱ्या फेरीत बेंगल्सकडे ३८ वी निवड होती. ती त्यांनी न्यू इंग्लंडला दिली, ४६ व्या क्रमांकावर सरकले आणि क्लेमसनचा जॅक्सन कारमन याला गार्ड म्हणून खेळवण्याच्या विचाराने घेतले. त्याला ती जागा टिकवता आली नाही, आणि २०२२ च्या मार्चमध्ये संघाला ॲलेक्स कॅपा, टेड कॅरस आणि लाएल कॉलिन्स असे तीन लाइनमन बाहेरून आणावे लागले. त्याच दुसऱ्या फेरीत ६३ व्या क्रमांकापर्यंत क्रीड हम्फ्री शिल्लक होता, जो कॅन्सस सिटीत लीगमधल्या अव्वल सेंटरपैकी (लाइनच्या मध्यावरच्या खेळाडूंपैकी) एक झाला. पाचव्या निवडीवर चाहते वर्षानुवर्षे भांडले, पण माझ्या हिशेबाने चूक ४६ व्या निवडीत होती आणि तिच्यावर जवळपास कोणी बोलले नाही.

दुसरी जोडी काल्पनिक नव्हती, हेही सांगायला हवे. डेट्रॉइट लायन्सने सातव्या क्रमांकावर सूअलला घेतले आणि चौथ्या फेरीत, ११२ व्या क्रमांकावर, अमॉन-रा सेंट ब्राउन हा रिसीव्हर घेतला. २०२३ आणि २०२४ या दोन्ही हंगामांत दोघेही ऑल-प्रो, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, संघात निवडले गेले. अर्थात सेंट ब्राउनला तीन फेऱ्या साऱ्या लीगने सोडले होते, तेव्हा "आम्ही त्याला घेतले असते" असे आज म्हणणाऱ्याने ते त्या वेळी कुठे लिहून ठेवले होते का, हे प्रामाणिकपणे तपासावे.

जागेची किंमत हा यानंतरचा भाग. प्रत्येक संघाला पगाराची एकच मर्यादा असते, २०२५ साठी ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती, आणि ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पगार तो कोणत्या जागेवर खेळतो यावर नव्हे तर कितव्या क्रमांकावर निवडला गेला यावर ठरतो. त्यामुळे बाजारात जी जागा महाग, तिथला खेळाडू ड्राफ्टमधून मिळवण्यात बचत जास्त. क्वार्टरबॅक, टॅकल, एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर चाल करणारा), रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक या महाग जागा. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), सेफ्टी (बचावातला सर्वांत मागचा) आणि आतला लाइनबॅकर त्या मानाने स्वस्त. याच तर्काने २०१८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने दुसऱ्या क्रमांकावर सॅक्वॉन बार्कली हा रनिंग बॅक घेतला तेव्हा टीका झाली. तो वर्षातला सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला, संघ मात्र ५ विजय आणि ११ पराभवांवर राहिला. पुढे २०२४ मध्ये तो फिलाडेल्फियात गेला, भक्कम लाइनमागे २,००५ यार्ड धावला आणि विजेता झाला. खेळाडू तोच होता, भोवतालचा संघ वेगळा होता. तरीही हा तर्क कायदा म्हणून वापरू नये. २०२३ मध्ये लायन्सने बाराव्या क्रमांकावर रनिंग बॅक जामिर गिब्ज आणि अठराव्या क्रमांकावर लाइनबॅकर जॅक कॅम्पबेल घेतले तेव्हा त्यांच्यावर हीच टीका झाली, आणि तो संघ त्याच हंगामात एनएफसीच्या, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या, अंतिम सामन्यात पोहोचला. ज्या संघाच्या महाग जागा आधीच भरलेल्या आहेत त्याला स्वस्त जागेवर मोठी निवड खर्च करणे परवडते. जायंट्सच्या त्या नव्हत्या.

क्वार्टरबॅकच्या बाबतीत गरजेचा कागद बाजूला ठेवावा लागतो. २०२० मध्ये १३–३ असा हंगाम संपवून आलेल्या ग्रीन बे पॅकर्सने ॲरन रॉजर्स असताना २६ व्या क्रमांकासाठी वर सरकून जॉर्डन लव्ह हा क्वार्टरबॅक घेतला, आणि रिसीव्हरांनी भरलेल्या त्या ड्राफ्टमध्ये एकही रिसीव्हर घेतला नाही. चाहत्यांचा राग रास्त होता, कारण रॉजर्सने पुढची दोन्ही वर्षे सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला आणि तरी संघ सुपर बोलला पोहोचला नाही. पण २०२३ मध्ये रॉजर्स गेल्यावर संघाला एका हंगामाचाही खड्डा पडला नाही. त्याच वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, फिलाडेल्फियाने कार्सन वेन्ट्झला मोठा करार दिलेला असताना ५३ व्या क्रमांकावर जेलन हर्ट्स हा दुसरा क्वार्टरबॅक घेतला. विजेतेपद आले ते हर्ट्सच्या हातून. अशा निवडीवर वाद घालताना "आज तो कुठे खेळणार" हा प्रश्न पुरेसा नाही. आजच्या क्वार्टरबॅकचे वय काय, त्याचा करार कधी मोडता येतो आणि तोवर बाकीच्या संघाचे काय नुकसान होते, हे तीन प्रश्न विचारावेत.

निवडींची अदलाबदल तपासताना नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात तयार झालेला गुणांचा तक्ता हाताशी असावा. त्यात पहिल्या निवडीला ३,००० गुण आहेत, दहावीला १,३०० आणि पहिल्या फेरीतल्या शेवटच्या, म्हणजे ३२ व्या निवडीला ५९०. २०१७ मध्ये कॅन्सस सिटीने क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्ससाठी दहावा क्रमांक मिळवताना बफलोला २७ वी निवड (६८०), ९१ वी निवड (१३६) आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवड दिली. पहिल्या दोन मिळून ८१६ झाले, म्हणजे ४८४ कमी पडतात. पुढच्या वर्षीची निवड एक फेरी खाली धरण्याचा प्रघात आहे. ती दुसऱ्या फेरीच्या मध्यातली मानली तर सुमारे ४२० मिळतात. हिशेब जवळपास जुळतो, तेव्हा "फार मोजले" असे त्या वेळीही म्हणता आले नसते. हा तक्ता वरच्या निवडींना जास्त भाव देतो, अशी टीका आहे आणि ती बरोबर आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टचा अभ्यास केला तेव्हा त्यांना आढळले की एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्या लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता सुमारे ५२ टक्केच असते. नाणेफेकीहून किंचित बरे. एका नावासाठी तीन निवडी उधळायच्या, असे कोणी सुचवले की हा आकडा आधी पुढे ठेवावा.

खेळाडूंची पारख करताना आपल्या मर्यादा ओळखाव्यात. वैद्यकीय अहवाल आणि मुलाखती संघांकडे असतात, आपल्याकडे नाहीत. ड्राफ्टआधी इंडियानापोलिसला होणाऱ्या चाचण्यांतल्या आकड्यांवर फार विसंबू नये: रिसीव्हर जॉन रॉस २०१७ मध्ये ४० यार्ड ४.२२ सेकंदांत धावला, बेंगल्सनेच त्याला नवव्या क्रमांकावर घेतले, आणि पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. निवडक चित्रफितींऐवजी खेळाडूचे दोन पूर्ण सामने पाहावेत, आणि चेंडू दुसरीकडे असताना तो काय करतो यावर लक्ष ठेवावे.

शेवटी, ड्राफ्टच्या आदल्या रात्री आपल्या पसंतीची जोडी, तिची कारणे आणि तारीख लिहून ठेवावी, आणि त्या रात्री कोणालाही गुण देऊ नयेत. पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या पाचव्या वर्षाचा निर्णय संघाला तिसऱ्या हंगामानंतरच्या मे महिन्यापर्यंत घ्यावा लागतो. वही उघडण्याचा मुहूर्त तोच ठेवावा. २०२१ च्या दोघांचा तो मुहूर्त २०२४ मध्ये आला. डेट्रॉइटने सूअलला चार वर्षांचा ११ कोटी २० लाखांचा वाढीव करार दिला, सिनसिनाटीने चेसचा पर्याय वापरला आणि वर्षभराने त्याला चार वर्षांसाठी १६ कोटी १० लाख डॉलर दिले. रिसीव्हर आणि टॅकल यांच्या भावात एवढे अंतर असेल, हे २०२१ च्या कागदावर कोणी लिहून ठेवले असेल, तर त्याची वही मला जरूर वाचायला आवडेल.