घोड्याच्या पायाची जखम भरतच नाही? या चुका टाळा

घोड्याच्या छातीला किंवा मांडीला मोठं फाटलं तरी पाहता पाहता भरून येतं. तीच जखम गुडघ्याखाली झाली की महिनोन् महिने उघडी राहते. मग दर आठवड्याला नवं मलम, नवी पावडर, प्रत्येक भेटणाऱ्याचा नवा उपाय. माझ्या पाहण्यात तरी जखम रेंगाळते ती बहुतेक वेळा औषध कमी पडलं म्हणून नाही, तर आपण तिला सारखं छेडतो म्हणून.

गुडघ्याखाली स्नायूंचं मांस नाहीच. कातडी, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आणि हाड, एवढंच. कातडी घट्ट ताणलेली असते, त्यामुळे जखमेच्या कडा आक्रसून जवळ येणं तिथे फार कमी होतं. उरतं ते नव्या कातडीचं कडेकडून आत सरकणं, आणि तो वेग दिवसाला साधारण ०.१ मिलिमीटर. ४ सेंटीमीटर रुंद जखम नुसत्या या वेगावर सोडली तर दोन्ही कडा मधोमध भेटायला २०० दिवस लागतील. शिवाय पहिले दोन आठवडे जखम भरण्याऐवजी थोडी रुंदच होते. हे अपेक्षित आहे, त्याला घाबरून औषध बदलू नका. पोनीची जखम मोठ्या घोड्यापेक्षा लवकर भरते, तेव्हा तिच्याशीही तुलना नको.

मधलं मांस पाहणं, कड न पाहणं

जखम पाहताना आपली नजर मधल्या लाल भागावर जाते. पाहायची असते ती कड. उजेड तिरका पडेल असे बसा आणि जुनी कातडी जिथे संपते तिथे नीट बघा. फिकट गुलाबी, किंचित चकाकणारी, केस नसलेली एक बारीक पट्टी दिसते. कधी ती नखाच्या जाडीइतकीच असते. तीच नवी कातडी. चिकटलेली कोरडी मलमपट्टी ओढून काढली की पहिली ही नवी कातडीच निघते, आणि पंधरा दिवसांची वाढ एका झटक्यात जाते. आधी सलाइनने, म्हणजे मिठाच्या पाण्याने, मलमपट्टी भिजवा, दहा मिनिटं थांबा, ती आपोआप सुटू द्या. जखमेला लागून न चिकटणारी जाळी ठेवली तर हा प्रश्नच येत नाही.

जहाल जंतुनाशकांचंही तेच. हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसतं म्हणून घाण निघाल्यासारखी वाटते, पण ते जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतं. रोजच्या धुण्याला उकळून गार केलेलं १ लिटर पाणी आणि ९ ग्रॅम मीठ पुरतं. पोव्हिडोन आयोडीन वापरायचंच असेल तर १० टक्क्यांचं द्रावण लिटरभर सलाइनमध्ये १० ते २० मिलिलिटर, त्याहून दाट नको. ताज्या जखमेवर नळाचं पाणी सोडून माती काढणं योग्यच, पण लाल मांस धरल्यावर रोज अर्धा तास पाइप धरून बसू नका. ते मांस पाणी पिऊन फुगतं.

दुर्मांस जाळणं

लाल, दाणेदार मांस कातडीच्या पातळीच्या वर आलं, म्हणजे दुर्मांस झालं, की कडेची नवी कातडी त्यावर चढू शकत नाही, तिथेच अडते. मग मोरचूद किंवा तसलीच जाळणारी पावडर टाकली जाते. पावडरीला दुर्मांस कुठे संपलं आणि नवी कातडी कुठे सुरू झाली ते कळत नाही, दोन्ही जळतं. या मांसात मज्जातंतू नसतात, त्यामुळे डॉक्टर ते कापून कातडीच्या पातळीला आणतात तेव्हा घोड्याला दुखत नाही. रक्त मात्र खूप येतं, म्हणून हे काम घरी करायचं नाही. स्टेरॉइडच्या मलमाने दुर्मांस दबतं, पण किती वेळा लावायचं ते डॉक्टरांनीच ठरवायला हवं. जखमेत जंतू असतील तर तेच मलम घातक.

पातळ कापूस, आवळलेली पट्टी

आमच्या घोडीच्या मागच्या पायावर, टेंडनवरून जाणारी पांढऱ्या केसांची एक आडवी रेघ आजही आहे. जखम तिथे नव्हतीच. घाईत कापूस कमी घेतला, पट्टी घसरू नये म्हणून आवळली, आणि दोन दिवसांनी सोडली तेव्हा कातडी दबून मेली होती. पट्टीखाली कापसाचा जाड, सगळीकडे सारखा थर हवा आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा यायला हवा. पट्टी ओली झाली, घसरली, किंवा घोडा अचानक तिला चावू लागला तर त्याच वेळी सोडून बघा.

खड्डा भरून आल्यावर पट्टीच्या उबेने दुर्मांस आणखी वाढतं. ती कधी बंद करायची ते तेव्हा डॉक्टरांना विचारून घ्या. सांध्यावरच्या जखमेचं गणित वेगळं. तिथे प्रत्येक पावलाला कडा फाटतात, प्लास्टर किंवा खपच्या लागू शकतात. आणि उभं राहून दुसऱ्या पायावर सगळा भार पडतो, त्या खुरालाही रोज हात लावा. ते गरम लागलं, वरची नाडी ठणठण उडताना जाणवली, तर डॉक्टरांना बोलवायला थांबू नका.

आत काय आहे ते न शोधणं

याच घोडीची जखम पाच आठवडे छान लाल दिसत होती, फक्त मधे टाचणीच्या डोक्याएवढं भोक, त्यातून थेंबभर पू. दोन दिवस सुकायचं, पुन्हा फुटायचं. पहिल्या आठवड्यातला एक्स-रे स्वच्छ होता, म्हणून आम्ही मलमं बदलत राहिलो. हाडाचा मेलेला तुकडा एक्स-रेत दिसायला दोन-तीन आठवडे लागतात हे तेव्हा माहीत नव्हतं. दुसरा एक्स-रे काढला, नखाएवढा तुकडा निघाला, आणि त्यानंतर कड सरकू लागली. असं भोक दिसलं तर कुठलंही मलम आतला तुकडा किंवा काडी बाहेर काढणार नाही. माश्यांनी आणून सोडलेल्या जंतांच्या अळ्यांमुळे न भरणाऱ्या जखमेत पिवळे, वाळूसारखे कण सापडतात. सारकॉइड नावाची गाठही हुबेहूब दुर्मांसासारखी दिसते, तिचा तुकडा तपासल्याशिवाय ओळखू येत नाही.

सांध्याजवळ छोटंसं भोक दिसलं तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही. त्यातून पिवळसर, बोटाला तार येणारं पाणी येत असेल, किंवा जखमेच्या मानाने घोडा फारच लंगडत असेल, तर काही तासांत डॉक्टर हवेत. सांध्यात जंतू शिरले तर घोडा जाऊ शकतो. धनुर्वाताची लस कधी दिली ते त्याच फोनवर सांगा.

बाकी जखमांसाठी आठवड्यातून एकदा, त्याच बाजूने, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. दोन आठवड्यांच्या फोटोंत कड जागची हलली नसेल तर नवीन मलम आणण्याआधी ते फोटो डॉक्टरांना दाखवा.