अर्थसी मालिका कशी वाचायची, म्हणजे गेड नीट भेटेल

मागच्या सुट्टीत भाचा म्हणाला, मावशी हॅरी पॉटर दोनदा वाचून झालं, आता काय वाचू? मी लगेच म्हणून गेले, अर्थसी वाच, त्यात गेड नावाचा जादूगार हिरो आहे. आठ दिवसांनी पठ्ठ्याचा मेसेज, "बोर आहे, सोडलं, त्यात तो गेड कुठे आहे तेच कळेना." मग कळलं की त्याने पाचवं पुस्तक आधी उचललं होतं, नावात 'टेल्स' आहे म्हणजे गोष्टी असतील, सोप्या असतील असं वाटून. चूक माझीच, नुसतं नाव सांगून मोकळी झाले होते. तर आता नीट सांगते, म्हणजे तुमचं तसं व्हायला नको.

आधी दोन शब्दांत ओळख. उर्सुला ले ग्विन ही अमेरिकन लेखिका, तिने ही बेटांची दुनिया रचली. एका प्रकाशकाने मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा तिच्या डोक्यात आलं की गोष्टीतले जादूगार सगळे पांढऱ्या दाढीचे म्हातारेच का असतात, तेही कधीतरी पोरं असतील ना, मग शिकले कुठे? त्यातून रोक बेटावरची जादूगारांची शाळा आली आणि गेड आला. पहिलं पुस्तक १९६८चं, म्हणजे हॅरीच्या पहिल्या पुस्तकाच्या २९ वर्षं आधीचं. आणि हो, गेड म्हणायचं, जेड नाही.

आधी क्रम ठरवून टाका

ज्या क्रमाने छापली त्याच क्रमाने वाचायची, यात डोकं लावू नका. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८, 'द टूम्ब्स ऑफ अतुआन' १९७१, 'द फार्देस्ट शोअर' १९७२, मग मोठी गॅप, 'तेहानू' १९९०, आणि २००१ मध्ये दोन, 'टेल्स फ्रॉम अर्थसी' आणि 'दि अदर विंड'. पाचव्यात एक गोष्ट गेडच्याही तीनशेएक वर्षं आधीची आहे, त्यामुळे काही हुशार लोक सांगतात की कालक्रमाने वाचा, त्यांचं ऐकू नका, तिथून सुरुवात केली की रोक म्हणजे काय, आर्चमेज (सगळ्या जादूगारांचा प्रमुख) म्हणजे काय, काहीच पत्ता नसतो आणि मग माझ्या भाच्यासारखं होतं. १९६४च्या दोन छोट्या कथाही आहेत याच बेटांवरच्या, त्या तर शेवटी वाचा, कारण त्यातल्या एकीत एका ड्रॅगनचं नाव फुटतं आणि पहिल्या पुस्तकातली मजा जाते.

सगळं एकत्र असलेली सचित्र आवृत्ती २०१८ मध्ये आली, चार्ल्स व्हेसची चित्रं आहेत, फार देखणी, पण ती वीटच आहे, लोकलमध्ये उभं राहून वाचायची वस्तू नाही. सुरुवातीला पहिलं पुस्तक सुटं घ्या. जेमतेम दोनशे पानांचं आहे, आवडलं नाही तरी फार काही गेलं नाही.

नकाशाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा

हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. ले ग्विनने आधी नकाशा काढला आणि मग गोष्ट लिहिली, आणि गेड अख्खं पुस्तकभर होडीतून इकडून तिकडे फिरत असतो. ईशान्येला गाँट हे त्याचं बेट, म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला एक डोंगर, जादूगारांसाठी प्रसिद्ध. मध्ये रोक. पश्चिमेला ड्रॅगनचं पेंडॉर, वर थंडगार ऑस्किल, आग्नेयेला इफिश. एवढं सापडलं तरी पुरे. दर वेळी तो निघाला की बोट ठेवून बघायचं कुठे चाललाय, मग शेवटी जमीन संपून नुसता समुद्र उरतो तेव्हा पोटात गोळा येतो, तो नकाशा न बघणाऱ्याला येत नाही.

एका कागदावर नावं लिहा

इथे मराठी वाचकाला खरंतर सोपं जायला पाहिजे. आमच्या आजीचं म्हणणं असायचं की पत्रिकेतलं नावरस नाव चारचौघांत सांगत सुटू नये, हाक मारायचं नाव वेगळं आणि ते वेगळं. अर्थसीत पूर्ण जादू यावरच उभी आहे. प्रत्येक वस्तूचं, प्राण्याचं, माणसाचं एक खरं नाव असतं, ते ज्याला कळलं त्याची त्याच्यावर सत्ता. म्हणून खरं नाव फक्त अगदी जिवाभावाच्या माणसाला सांगायचं.

आपल्या हिरोची तीन नावं. लहानपणी डनी. मावशी गावातली चेटकीण, तिची शेळ्यांना बोलवायची एक ओळ या पोराने ऐकली आणि अर्थ माहीत नसताना म्हणून बघितली, तर सगळ्या शेळ्या येऊन त्याला चिकटल्या आणि सुटेचनात, तिथून मावशीला कळलं की पोरात काहीतरी आहे. लोकांत त्याचं नाव स्पॅरोहॉक, म्हणजे आपल्या शिक्र्याचा भाऊबंद. आणि ओगिऑन नावाच्या अबोल गुरूने दिलेलं खरं नाव गेड. गंमत अशी की निवेदक त्याला गेड म्हणतो आणि बाकी पात्रं स्पॅरोहॉक म्हणतात, म्हणजे वाचणाऱ्याला पहिल्यापासून त्या जिवाभावाच्या माणसांत धरलंय. कोण कधी त्याला खऱ्या नावाने हाक मारतं त्या जागांवर पेन्सिलीने खूण करा, व्हेच नावाचा मित्र आपलं खरं नाव त्याला सांगून टाकतो ती जागा तर सोडूच नका.

त्याच कागदावर होडीचं नावही लिहून ठेवा, लुकफार. एका म्हाताऱ्या कोळ्याची जुनी होडी, त्याच्या डोळ्यांतले मोतीबिंदू गेडने बरे केले आणि बदल्यात होडी घेतली, म्हातारा म्हणाला हिचं नाव आता लुकफार ठेव आणि पुढच्या टोकाला दोन डोळे रंगव. नुसतं लिहून ठेवा, का ते शेवटी सांगते.

चेहरा बरोबर लावा

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अर्ध्या पुस्तकापर्यंत गेड गोरा होता. माझ्या डोक्यात म्हणतेय मी. लेखिकेने स्पष्ट लिहिलंय की त्याचा रंग तांबूस तपकिरी, व्हेच तर चांगला काळा, आणि गोरे कोण तर पूर्वेकडून लुटायला येणारे कार्ग लोक. आपणच तपकिरी आणि आपणच वाचताना हिरोला गोरा करून टाकतो, याची मला बरेच दिवस लाज वाटत होती, पण जुनी कव्हरं बघितली तर तिथेही तोच घोळ. २००४ मध्ये टीव्हीवर मालिका आली त्यात गोराच नट घेतला, आणि ले ग्विनने त्यावर लेख लिहून चांगलं फटकारलं. जपानच्या जिब्ली स्टुडिओचा २००६चा सिनेमा आहे, तो दिसायला सुंदर आहे पण गोष्टीची सरमिसळ केलीय. दोन्ही पुस्तकांनंतर बघा, आधी अजिबात नको.

पहिली वीस पानं मोठ्याने

भाषा अवघड नाही, पण चाल वेगळी आहे, संवाद कमी आणि कोणीतरी देवळाच्या ओट्यावर बसून जुनी कथा सांगतोय असं. सुरुवातीलाच सांगून टाकलंय की हा पोरगा पुढे मोठा आर्चमेज झाला, म्हणजे जगतो की मरतो हा सस्पेन्स नाहीच. वेबसिरीजच्या स्पीडने गेलात तर हाताला काही लागणार नाही. वीस पानं आवाज काढून वाचा, चाल बसली की पुढे आपोआप चालतं.

आता हिरो कुठे बघायचा

हा भाग महत्त्वाचा, कारण "यात फायटिंगच नाही" अशी तक्रार बरेचजण करतात. शाळेत गेड गर्विष्ठ असतो, जॅस्पर नावाच्या मुलाने डिवचलं म्हणून इरेला पेटून मेलेल्या माणसाला बोलावून दाखवायला जातो आणि त्याने जगाला पडलेल्या भोकातून एक काळी सावली आत शिरते, तिला आवरताना शाळेचा म्हातारा आर्चमेज जातो, गेडच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात. म्हणजे इथे कोणी डार्क लॉर्ड नाही. जे मागे लागलंय ते यानेच आणलंय.

त्यानंतरचं पेंडॉरचं प्रकरण माझ्या मते अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात मोठं हिरोपण. गेडला कोळ्यांच्या एका गरीब बेटावर काम मिळालेलं असतं, होड्यांना मंत्र बांधायचे, आणि शेजारच्या ड्रॅगनपासून लोकांना वाचवायचं. तिथल्या एका आजारी पोराला वाचवायला जाऊन हरलेलाही असतो. मग तो सरळ ड्रॅगनच्या बेटावर जातो. जुन्या बखरी वाचून त्याने अंदाज केलेला असतो की या म्हाताऱ्या ड्रॅगनचं खरं नाव काय असेल, आणि तो अंदाज बरोबर निघतो. ड्रॅगन धूर्त, तो म्हणतो मी तुला त्या सावलीचं नाव सांगतो. थांबा इथे, पुस्तक खाली ठेवा. सावली याचा जीव घेणार आहे, तिचं नाव मिळालं तर हा सुटला. आणि गेड काय करतो, तर त्या गरीब कोळ्यांशी ठरलेला सौदाच पुरा करतो, ड्रॅगनकडून शपथ घेतो की त्या बेटांकडे फिरकायचं नाही. स्वतःची सुटका हातात आलेली सोडून देतो. तलवार नाही, आरडाओरडा नाही, काहीच नाही.

पुढे गुरू सांगतो की पळणं बंद कर, उलटा फिर आणि तूच तिच्या मागे लाग. शेवट काय होतो ते मी नाही सांगणार.

दुसऱ्या पुस्तकात घाबरू नका

उघडलं की गेड गायब. चार प्रकरणं पत्ता नाही. कार्गांच्या वाळवंटात थडग्यांच्या देवस्थानात वाढवलेली टेनार ही मुलगी, तिचं नावही काढून घेतलेलं. कंटाळून पुढची पानं चाळू नका, कारण पाचव्या प्रकरणात अंधारात एक उजेड दिसतो आणि तो कोण आहे हे आपल्याला कळतं पण तिला कळत नाही. आपला हिरो इथे चोर आहे, कोंडलेला, तहानेने अर्धमेला, आणि त्याला जगवायचं की नाही हे एका पोरीच्या हातात. इतक्या लवकर स्वतःच्या हिरोला असा कोपऱ्यात बसवायला लेखिकेला हिंमत लागते राव.

तिसऱ्याबद्दल कमी बोलते. गेड आता आर्चमेज, सोबत एरेन नावाचा तरुण राजपुत्र, जगातून जादू आटत चाललीय आणि हे दोघं कारण शोधायला निघतात. मधला भाग थोडा संथ आहे, समुद्र फार आहे, पण शेवटच्या साठेक पानांसाठी सहन करा.

तिसरं झालं की थांबा

म्हणजे खरंच थांबा, महिना दोन महिने. इथे थोडं फोडावंच लागतंय, ज्यांना नको त्यांनी हा भाग सोडून द्या. जग वाचवताना गेडची जादू संपते, सगळी, परत न येण्यासारखी. १९७२च्या वाचकांना वाटलं संपली गोष्ट. मग १८ वर्षांनी चौथं पुस्तक आलं, आणि त्यात गेडसाठी मात्र मध्ये फक्त ड्रॅगनच्या पाठीवरचा प्रवास झालेला असतो. तो गाँटला परत येतो तो थकलेला, लाजणारा, राजाची माणसं शोधत आली तर लपून बसणारा, आणि डोंगरावर शेळ्या राखायला जातो. ज्या शेळ्यांपासून सुरू झालं त्याच.

लोक वैतागले होते, आमचा हिरो कुठे गेला म्हणून. मीही पहिल्यांदा वैतागले. पण रिटायर झाल्यावर वडील पहिले सहा महिने घरात कसे फिरायचे ते नंतर बघितलं, आणि मग 'तेहानू' परत काढून वाचलं. सत्ता गेलेला माणूस भांडी कशी घासतो हे फँटसीत कोण लिहितं? हे पुस्तक लहान मुलांना मात्र देऊ नका, त्यात भाजलेली, छळलेली एक पोरगी आहे, थेरू. पहिली तीन अकरा-बारा वर्षांच्या मुलांना चालतील, हे नाही.

नंतरची दोन सलग वाचा. पाचव्यातली शेवटची मोठी कथा 'ड्रॅगनफ्लाय' ही सहाव्याचा पूल आहे, ती सोडली तर सहाव्यात एक बाई अचानक कुठून उगवली असं वाटेल. सहाव्यात गेड सत्तरीचा, मदत मागायला आलेल्या माणसाचं सगळं ऐकून घेतो, त्याला राजाकडे पाठवतो आणि स्वतः घरीच राहतो.

एवढं झाल्यावर 'फायरलाइट' नावाची छोटी कथा राहते. ले ग्विन २०१८च्या जानेवारीत गेली आणि ती कथा त्याच वर्षी, ती गेल्यावर छापून आली. म्हाताऱ्या गेडची आहे. रात्री, फोन बाजूला ठेवून, एका बैठकीत वाचा, आणि सुरू करायच्या आधी तो कागद काढून होडीचं नाव एकदा बघून घ्या.