पेटीत सापडलेल्या जुन्या ट्रिओमधले पत्ते आणि क्रमांक कसे काढावेत

मुंबईत नोकरी केलेल्या चाकरमान्यांच्या गावच्या घरी, पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, हल्ली एखादा ट्रिओ, म्हणजे पामच्या धर्तीचा जुना स्मार्टफोन, किंवा मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मोबाइल प्रणालीवर चालणारा जाडजूड फोन सापडतो. त्यात वाशी बाजारातल्या अडत्यांचे, आंब्याच्या गिऱ्हाइकांचे आणि नातेवाइकांचे क्रमांक असू शकतात, तसेच वहीत कधीच न उतरवलेल्या नोंदीही असू शकतात. असा फोन हाती आला की पहिली धाव चार्जरकडे असते. त्याआधी तो कोणत्या सालचा आणि कोणत्या जातीचा आहे हे पाहावे, कारण माहिती कुठे शोधायची ते त्यावरच ठरते.

१९९६ साली आलेला पामचा पायलट हा फोन नव्हता. खिशातली डायरी आणि टेबलावरच्या संगणकाचा सोबती म्हणून त्याची रचना झाली होती. दोन लहान पेन्सिल सेलांवर चालणाऱ्या त्या यंत्रातल्या नोंदी रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, राहत, आणि यंत्र त्याच्या स्टँडवर ठेवून बटण दाबले की त्यांची दुसरी प्रत संगणकात उतरे. या क्रियेला हॉटसिंक म्हणत. फोनचे वळण वेगळे होते. त्यातले नाव-क्रमांक सिम कार्डावर किंवा वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत असत. ही दोन यंत्रे एकत्र करण्याचे प्रयत्न मात्र जुने आहेत. आयबीएमचा सायमन १९९४ साली अमेरिकेत विक्रीला आला, आणि १९९६ साली नोकियाचा ९००० कम्युनिकेटर आला, ज्याचे वजन ३९७ ग्रॅम होते आणि जो सदऱ्याच्या खिशात ठेवण्याचा विचारही कोणी करू नये. हँडस्प्रिंग कंपनीने २००० साली आपल्या व्हायझर या खिशातल्या डायरीच्या खाचेत बसणारा व्हायझरफोन काढला, २००२ साली पहिला ट्रिओ आणि २००३ साली ट्रिओ ६०० आणला. त्याच वर्षी ती कंपनी पामने विकत घेतली. फोन आणि डायरी एकाच यंत्रात आली खरी, पण मेमरी पायलटच्या वळणाचीच, म्हणजे बॅटरीत जीव असेपर्यंतच टिकणारी राहिली. ट्रिओच्या मालिकेत हा दोष २००४ सालच्या ट्रिओ ६५० मध्ये दूर झाला, आणि विंडोजच्या बाजूला २००५ सालच्या विंडोज मोबाइल ५ मध्ये.

म्हणून ट्रिओ ६०० किंवा त्याआधीचा ट्रिओ, अथवा पॉकेट पीसी २००२ वा विंडोज मोबाइल २००३ या विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांचा टचस्क्रीन फोन वर्षानुवर्षे बंद पडून असेल, तर त्याच्या पोटातली माहिती गेलेली आहे असेच धरावे आणि त्याच्यासाठी चार्जर शोधण्यात पैसे घालू नयेत. अशा वेळी घरातला जुना संगणक, किंवा निदान त्याची हार्ड डिस्क, शोधावी. पाम डेस्कटॉप या, हॉटसिंकची प्रत ठेवणाऱ्या संगणकावरच्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये मालकाच्या नावाचा एक उपफोल्डर असतो; त्यात पत्त्यांची फाइल आणि बॅकअपचा भाग मिळतो. तो संपूर्ण उपफोल्डर आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवावा, मग पाम डेस्कटॉपमधून पत्ते व्हीकार्डच्या, म्हणजे इतर फोनांना वाचता येणाऱ्या पत्त्यांच्या फाइलच्या, रूपात बाहेर काढावेत. विंडोजचे फोन ॲक्टिव्हसिंक या जोडणीच्या प्रोग्राममार्फत बहुधा संगणकावरच्या आउटलुक या ईमेल-पत्त्यांच्या प्रोग्रामशी जोडलेले असत, त्यामुळे तेथे पीएसटी, म्हणजे आउटलुकच्या साठ्याची, फाइल शोधावी. त्या काळातल्या वापरात खरी प्रत संगणकातच असे, फोनमध्ये तिची बरोबर नेण्याची नक्कल असे. हे ध्यानात ठेवले तर बराच वेळ वाचतो.

ट्रिओ ६५० किंवा त्यानंतरचा फोन असेल तर यंत्रावर मेहनत घेण्यात अर्थ आहे. आधी मागचे झाकण काढून बॅटरी पाहावी. ती फुगलेली असेल तर दाबू नये, टोचू नये आणि चार्जही करू नये; त्याच मापाची दुसरी बॅटरी मिळवावी. आपल्याकडची खारी, दमट हवा अशा यंत्रांची शत्रू आहे. बॅटरीच्या आणि खालच्या जोडणीच्या पिनांवर हिरवट कळंक चढलेला असतो, आणि तो तसाच ठेवून चार्जर लावला तर फोन कधी चार्ज होतो, कधी होत नाही. मऊ ब्रशला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना हलक्या हाताने पुसाव्यात, नंतर यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात दोन दिवस ठेवावे. उन्हात वाळत घालू नये आणि तांदळाच्या डब्यातही पुरू नये, कारण कोंड्याची धूळ फटींत शिरते. हे काम पावसाळ्यात काढण्यापेक्षा दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर काढलेले बरे.

फोन सुरू झाला पण अडकला, तर फक्त रिसेटचे बटण दाबावे. पॉवरचे बटण दाबून धरून रिसेट केल्यास तो हार्ड रिसेट ठरतो आणि सगळे पुसले जाते, म्हणून उत्साही भाच्यांच्या हाती फोन देण्यापूर्वी एवढे सांगून ठेवावे. फोन वायरने संगणकाला जोडण्यासाठी लागणारा पामचा यूएसबी ड्रायव्हर आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही. त्या वाटेला न जाता ट्रिओ ६५० मधले ब्लूटूथ सुरू करावे, आजच्या अँड्रॉइड फोनशी जोडी जमवावी आणि पत्त्यांच्या मेनूतून एक नोंद पाठवून पाहावी. ती नीट पोहोचली की संपूर्ण वर्गवारी (कॅटेगरी) एकदम पाठवावी. सिम कार्ड बंद पडलेले असले तरी त्यावर साठवलेले क्रमांक वाचता येतात, तेव्हा तेही दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहावे.

मिळालेले क्रमांक तसेच्या तसे लागतीलच असे नाही. लँडलाइनच्या क्रमांकाआधी २ लावण्याची पद्धत या फोनांच्याच काळात आली, त्यामुळे रत्नागिरीच्या ०२३५२ या कोडनंतर पाचच आकडे दिसले तर त्यांच्या आधी २ घालून पाहावा. मोबाइल क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य काढून +९१ लावावे. सर्व नोंदी दोन ठिकाणी उतरल्याची खात्री झाली आणि फोन भंगारवाल्याला द्यायचे ठरले, तर मात्र तोच हार्ड रिसेट मुद्दाम करावा, मेमरी कार्ड काढून घ्यावे आणि बॅटरी वेगळी करून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.