गिटारदुरुस्ती शिकायचीय? मग जूनमध्ये या

सावंतवाडीत माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना वाटतं, पहिल्याच दिवशी हातात पटाशी मिळेल. मिळतो टॉर्च आणि छोटा आरसा. गोल भोकातून आरसा आत घालायचा आणि फळीखालच्या ब्रेस, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, एकेक करून तपासायच्या. मग बोटाच्या पेराने फळीवर हलकेच टकटक. सध्याचा पोरगा चितारआळीत लाकडी खेळण्यांवर काम करून आलाय, लाकूड त्याला कळतं. तरी कान तयार व्हायला वेळ लागला. एकदा ब्रिजच्या, म्हणजे फळीवर तारा अडकवतात त्या लाकडी तुकड्याच्या, मागे वाजवता वाजवता थांबला आणि म्हणाला, "काकानू, हय पोकळ वाजता." कागदाचा कपटा सरकवून बघितला, तर पट्टीच्या टोकाखाली अलगद आत गेला. त्या दिवशी त्याला सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद, भिजत घालायला दिला.

जून अशासाठी की आपल्याकडची निम्मी दुखणी हवेची. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते; इथे पावसाळ्यात ती ८५-९० च्या घरात जाते. लाकूड फुगतं, जुना सरस ढिला पडतो आणि स्टीलच्या सहा तारांचा मिळून ७० किलोच्या आसपासचा ताण ब्रिजवर असतोच. फळी पोट काढते, तारा वर उचलल्या जातात आणि गिऱ्हाईक सांगतं, "मान वाकली." त्याचं ऐकून लगेच ट्रस रॉडला, म्हणजे मानेतल्या धातूच्या सळईला, हात घालू नका. रॉड मानेचा बाक कमी-जास्त करतो, मानेचा कोन नाही. आणि फिरवायचाच तर एका वेळी पाव आटा. आधी सरळ पट्टी फ्रेटांवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, ठेवून ब्रिजपर्यंत न्यायची. ती ब्रिजच्या माथ्यावरून गेली तर ठीक, तोंडावर आदळली तर काम मोठं आहे. सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, घासताना हिशेब दुप्पट: बाराव्या फ्रेटवर तार १ मिमी उतरवायची तर सॅडल २ मिमी कमी करावं लागतं.

पांढरा गोंद सोपा पडतो, मान्य. मी सरसच शिकवतो, कारण ऊब आणि ओल दिली की तो सांधा पुन्हा उघडता येतो. पाण्याच्या भांड्यात ठेवून ६० अंशांपर्यंत तापवायचा. उकळला की त्यातली ताकद गेली. वासावरून घरच्यांची बोलणी खावी लागतात, त्याला इलाज नाही.

दमट गिटार मात्र तशीच चिकटवायची नाही. तारा सैल करून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद कपाटात ठेवायची, लाकूड सावकाश सुकू द्यायचं. उन्हात ठेवली तर फळी तडकलीच म्हणून समजा.

नुसत्या गिटारींवर पोट भरत नाही. नाताळाआधी वेंगुर्ल्याकडून, गोव्याकडून कामं येतात. त्याआधी गणपतीच्या तोंडावर भजनी मंडळांच्या पेट्यांची रांग लागते. तेव्हा भात्याची गळती काढायलाही शिकून घ्या. मी ते जुलैतच शिकवायला घेतो.