मांजराला कॅटनिप द्यायचंय? खान्देशात काय पिकतं, काय चालतं, काय टाळावं

कॅटनिपची पुडी मागवली, मांजरासमोर ठेवली, तिने एकदा हुंगलं आणि पाठ फिरवली. असं झालं तर बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं. एक तर पुडी जुनी असते, नाहीतर या मांजरावर कॅटनिपचा परिणाम होतच नाही. साधारण तीनातली दोन मांजरं कॅटनिपला भुलतात, तिसरी नाही. हा गुण रक्तातून येतो, सवयीने लागत नाही. म्हणून बी आणि कुंडीवर पैसे घालण्याआधी आपलं मांजर कोणत्या गटातलं आहे ते पाहावं.

कॅटनिप ही तुळस-पुदिन्याच्या कुळातली वनस्पती आहे. तिच्या पानांत नेपेटालॅक्टोन नावाचं उडून जाणारं द्रव्य असतं. मांजराला ते नाकावाटे लागतं, पोटातून नाही. पान चावण्याचा खटाटोप असतो तो पान फुटून वास मोकळा व्हावा म्हणून. 2021 साली जपानी संशोधकांनी दाखवलं की या वर्गातल्या द्रव्याच्या वासाने मांजराच्या शरीरात बीटा-एंडॉर्फिन वाढतं, म्हणजे सुखावणारं, शरीराचं स्वतःचंच रसायन. बाहेरून अफू दिल्यासारखा हा प्रकार नाही, त्यामुळे व्यसन लागेल ही भीती नको. त्याच अभ्यासात असंही दिसलं की ही द्रव्यं अंगाला चोळली गेलेल्या मांजरांवर डास कमी बसतात. म्हणजे ते लोळणं नुसतं खुळ नाही. याच वर्गातल्या द्रव्याला प्राणिसंग्रहालयातल्या आमूर बिबट्यानेही दाद दिली होती. सातपुड्यातल्या बिबट्यासमोर हा प्रयोग करायला मात्र कोणी जाऊ नये.

आधी चाचणी

मांजर किमान सहा महिन्यांचं असावं. तीन महिन्यांखालच्या पिल्लांना यातलं काही कळत नाही. गाभण मांजरीला, झटके येणाऱ्या किंवा आजारी मांजराला देऊ नये.

संध्याकाळी, घरात पाहुणे नसताना, एक हातभर गोणपाट जमिनीवर पसरावं. सुकं कॅटनिप चहाचा अर्धा चमचा घेऊन आधी दोन बोटांत चांगलं चुरडावं, मग गोणपाटावर घासावं. चुरडल्याशिवाय टाकलं तर वास पानातच राहतो. बरीचशी ‘आमच्या मांजराला चालत नाही’ ही तक्रार एवढ्याशा चुकीतून येते. ताजी पानं असतील तर दोन-तीन पुरेत.

मग दहा मिनिटं नुसतं बघावं. हुंगणं, चाटणं, चावणं, डोकं झटकणं, गाल आणि हनुवटी घासणं, लाळ गळणं, उताणं लोळणं, पुढच्या पायांनी धरून मागच्या पायांनी लाथा मारणं, हे ठरलेलं नाटक. एखादं मांजर यातलं काहीच करत नाही. पुढचे पाय पोटाखाली घेऊन अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी शांत बसून राहतं. तोही परिणामच आहे. पाच ते पंधरा मिनिटांत सगळं ओसरतं आणि पुढचा एक-दोन तास कितीही कॅटनिप टाकलं तरी मांजर ढुंकून बघत नाही. या वेळात चमच्यावर चमचा ओतणं म्हणजे माल वाया घालवणं. आठवड्याच्या अंतराने तीनदा बघावं. तिन्ही वेळा काही झालं नाही तर कॅटनिपचा नाद सोडावा.

घरात दोन मांजरं असतील तर पहिल्यांदा वेगवेगळ्या खोल्यांत द्यावं. काही बोके या भरात अंगावर धावून जातात. पोटावरून हात फिरवायलाही जाऊ नये, पंजा बसतो.

बांधावरची खोकली

कॅटनिप आपल्याकडच्या मातीतलं नाही, पण मांजराला वेड लावणारं एक झाड खान्देशात फुकट उगवतं आणि त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. ते म्हणजे खोकली. काही जण तिला खाजोटी म्हणतात, हिंदीत कुप्पी. पावसाळ्यानंतर उकिरड्याकडेला, जुन्या भिंतींच्या पायथ्याशी, गटारीलगत, बांधावर ती दिसते. मांजराला हवं असतं ते तिचं मूळ. ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावरच्या खोकलीच्या मुळाचं रासायनिक पृथक्करण 2016 साली प्रसिद्ध झालं आणि त्यात नेपेटालॅक्टोनच्या जवळची द्रव्यं सापडली. वरच्या पानांकडे मांजरं सहसा बघतही नाहीत. म्हणून खोकली वर्षानुवर्षं अंगणात असते आणि मांजर तिच्या शेजारून निघून जातं. एखाद्याने तण म्हणून ती उपटली की तेच मांजर त्या ढिगावर लोळायला लागतं.

ओळख अशी: उंची गुडघ्यापर्यंत, पानं समोरासमोर नसून एकाआड एक, लांब देठाची, कडेला बारीक दाते. पानाच्या बगलेतून उभा तुरा निघतो आणि त्यावर हिरव्या, दातेरी वाट्यांसारखी पानं बसलेली असतात. त्या वाट्या ही पक्की खूण. पोकळ्याचं पान लांबून तसंच वाटतं, पण त्याच्या तुऱ्यावर वाट्या नसतात.

पाऊस पडून गेल्यावर, माती ओली असताना उपटावी, म्हणजे मूळ अख्खं येतं. मूळ कापून घ्यावं, पानं-तुरे घराबाहेर टाकावेत, माती धुवावी, करंगळीएवढा तुकडा नखाने खरवडून गोणपाटावर ठेवावा. मांजर घासेल, चाटेल. चावून तुकडे गिळायला लागलं तर काढून घ्यावा. खोकलीत विषारी अंशही असतो, त्यामुळे ती हुंगायची वस्तू, खायची नाही. मुलांच्या हाती देऊ नये.

कपाशीच्या किंवा केळीच्या शेताच्या बांधावरची खोकली मात्र घेऊच नये. तिथे तणनाशक आणि कीटकनाशकाची फवारणी झालेली असते आणि मांजर ते अंगावरून चाटून पोटात घेतं. घरामागची, जिथे कोणी पंप फिरवत नाही अशा जागेचीच घ्यावी.

बाकीचे पर्याय

कॅटनिपला न भुलणाऱ्या मांजरांसाठी सर्वांत खात्रीचा पर्याय म्हणजे सिल्व्हर वाइन, जपानी नाव मटाटाबी. ही किवीच्या फळाची नातलग वेल. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या 100 मांजरांच्या चाचणीत जवळपास 80 टक्के मांजरांनी तिला दाद दिली, आणि कॅटनिपला न बधलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मांजरं हिला बधली. भुकटी मिळते आणि काड्याही मिळतात. भुकटी चहाच्या पाव चमच्याहून जास्त नको. काडी चघळून बारीक झाली, टोक मोडायला लागलं की फेकावी.

त्याच चाचणीत व्हॅलेरियन या औषधी वनस्पतीच्या मुळाला जवळपास निम्मी मांजरं भुलली. आपल्याकडची हिमालयी तगर त्याच वंशातली. पण इथे नावाचा घोटाळा आहे. अंगणात पांढरी फुलं येतात तीही तगर, आणि तिचा चीक विषारी असतो. काष्ठौषधींच्या दुकानात ‘सुगंधी तगरीचं मूळ’ असं स्पष्ट सांगून घ्यावं. वास उग्र, घामट मोज्यांसारखा येतो, तोच बरोबर. चिमूटभर मूळ जुन्या मोज्यात बांधून द्यावं. ‘बिल्लीलोटन’ या नावाने मिळणाऱ्या पुड्यांवर फार भरवसा ठेवू नये, त्या एका नावाखाली वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात.

तुळस कॅटनिपच्याच कुळातली, पण तिच्यात हे द्रव्य नाही, त्यामुळे मांजराला तिचं काही वाटत नाही. पानओव्याची जाड, लवदार पानं पाहून त्यालाच कॅटनिप समजण्याची चूक होते. तो मांजराला बाधतो, उलट्या-जुलाब होतात.

लावायचंच असेल तर रब्बीत

चाचणी पास झालेल्या मांजरासाठीच हा उद्योग. कॅटनिप थंड हवेचं झाड आहे आणि जळगाव-भुसावळचा मे महिना 45 अंशांपुढे जातो. त्यामुळे ते वर्षभर टिकावं असा हट्ट धरू नये. हरभऱ्यासारखं रब्बीचं पीक समजावं.

ऑक्टोबरचं ऊन सरलं की, दिवाळीच्या आसपास पेरावं. बी मोहरीपेक्षा बारीक आणि टणक सालीचं असतं. एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवून नंतर 24 तास पाण्यात भिजवलं तर उगवण सुधारते. दहा इंची मातीची कुंडी घ्यावी. निव्वळ काळी माती भरली तर मूळ कुजलंच म्हणून समजा, कारण ती पाणी धरून ठेवते. दोन भाग वाळू किंवा बारीक मुरूम, एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत असं मिश्रण घ्यावं. बी फार तर तीन मिलिमीटर झाकावं, वरून फवाऱ्याने पाणी द्यावं. एक ते तीन आठवड्यांत उगवतं. कुंडीत एकच रोप ठेवावं आणि ते वीतभर झालं की शेंडा खुडावा, म्हणजे फुटवे येतात.

खताची घाई नको. जास्त नत्राने पानं फोफावतात आणि वास पातळ होतो.

रोपाचा खरा शत्रू घरातलंच मांजर. एकदा पान चुरगळलं की त्या वासाने ते पुन्हा पुन्हा येतं आणि कुंडीवरच बसतं. कोंबडीजाळीचा घुमट करून कुंडीवर खोचावा. बाहेर आलेली पानं मांजर खातं, बुडखा वाचतो.

फेब्रुवारीत कळ्या दिसायला लागतात तेव्हा पानांत वास भरपूर असतो. दव वाळल्यावर सकाळी, खालचा एक तृतीयांश भाग राखून कापावं. उरलेला बुडखा मार्चपासून पूर्वेच्या ओसरीत, दुपारची सावली मिळेल असा ठेवावा, गच्चीवर असेल तर 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधावी. दुपारी तीनला पानं माना टाकतात आणि लोक घाबरून पाणी ओततात. आधी बोट घालून बघावं. माती ओली असेल तर ती उन्हाची मरगळ आहे, संध्याकाळी पानं आपोआप उठतात. ओल्या कुंडीत दुपारी ओतलेलं पाणीच उन्हाळ्यात बहुतेक रोपं मारतं. पावसाळ्यात कुंडी वळचणीपासून दूर, छपराखाली हवी.

वाळवण, पण उन्हात नाही

पापड-कुरडया गच्चीवर घालायची सवय असते, म्हणून कॅटनिपही तिथेच पसरलं जातं. उन्हात पान छान कुरकुरीत होतं, पण वास उडून गेलेला असतो. बोटभर जाडीच्या जुड्या बांधून हवेशीर, अंधाऱ्या खोलीत उलट्या टांगाव्यात. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत चार ते सहा दिवस पुरतात. देठ वाकण्याऐवजी कट्कन मोडला की झालं. पानं अख्खीच ओरबाडून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावीत आणि बरणी फ्रीझरमध्ये ठेवावी. चुरा द्यायच्या वेळीच करावा. चांगल्या मालाचा रंग करडट हिरवा असतो आणि पुदिना व सुक्या गवताचा मिळून वास येतो. विकतची पुडी तपकिरी, नुसत्या काड्यांची आणि बिनवासाची असेल तर ती गवताच्या भावाची.

आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा द्यावं. रोज दिलं तर मांजर दखल घेणं सोडतं. खेळण्यासाठी जुन्या सुती धोतराची किंवा साडीची वीतभर लांब, चार बोटं रुंद पिशवी शिवावी, पिंजलेला कापूस ठासून भरावा आणि मधोमध एक चमचा चुरा घालावा. टीप दुहेरी घ्यावी. गुंडी, टिकली, लोंबता दोरा नको, दोरा गिळला तर आतडं गोळा होतं. खेळ झाल्यावर पिशवी त्याच बरणीत ठेवली की पुन्हा वास धरते.

हिरवं गवत हवं असेल तर

काही मांजरांना वास नको असतो, चावायला हिरवं हवं असतं. गहू पेरावा, नवरात्रातल्या घटासारखाच, आठ-दहा दिवसांत बोटभर उंच होतो. घटातलंच धान पुढे करायचं तर ज्वारीचे कोंब निवडून काढावेत. कोवळ्या ज्वारीची किरळ, म्हणजे तिच्या कोंबातलं विष, गुरांना लागते हे दादर (रब्बी ज्वारी) पेरणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं, मांजर त्याला अपवाद नाही. गवती चहाही नको, त्याने पोट बिघडतं.

तेलं आणि कापूर

सर्दी झाली की आपण निलगिरीचं तेल काढतो, मांजराला पिसवा झाल्या की कोणीतरी टी ट्री तेल सुचवतं. मांजराचं यकृत अशी द्रव्यं नीट फोडू शकत नाही. अंगावर चार थेंब पडले तरी ते चाटून पोटात जातात. लाळ, डगमगणं, थरथर ही लक्षणं. पुदिना, लवंग आणि लिंबाच्या सालीच्या तेलांनाही हेच लागू. कापराची वडी चघळली तर झटके येऊ शकतात, देव्हारा खाली असेल तर डबी झाकून ठेवावी. फुलदाणीतल्या लिलीचं पान किंवा परागही मूत्रपिंड निकामी करतो.

अंगावर तेल सांडलं असेल तर भांड्यांचा सौम्य साबण लावून कोमट पाण्याने धुवावं, टॉवेलात गुंडाळावं, चाटू देऊ नये. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नये, दूध पाजू नये. बाटली किंवा वेष्टण सोबत घेऊन लगेच पशुवैद्यकाकडे न्यावं, काय गेलं ते नावावरून कळतं.