शॉटगनची काडतुसे घरी भरणे परवडते का, आणि भरायची तर कुठे चुकते

झाडून रिकामी झालेली काडतुसे घरी पुन्हा भरता येतात. पण बारा गेजची (गेज आणि बोअर ही नळीच्या व्यासाची मापे) साधी टार्गेट काडतुसे निव्वळ पैसे वाचवण्यासाठी घरी भरू नयेत, असे माझे मत आहे. २८ गेजची आणि .४१० बोअरची मात्र अवश्य भरावीत. हे मत मी अमेरिकेतील ट्रॅप आणि स्कीटच्या (हवेत उडवलेल्या चकत्यांवरील नेमबाजीच्या) मैदानांवर बरीच वर्षे घालवून, आणि त्याहून अधिक संध्याकाळी गॅरेजमधल्या काडतुसे भरण्याच्या यंत्रासमोर घालवून बनवले आहे. इथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकण्यासाठी मात्र लागतो. पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, घरात किती ठेवता येते याचे स्थानिक नियम आधी पाहावेत. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना आवश्यक आहे, त्यामुळे तिकडील वाचकांनी हा लेख केवळ माहिती म्हणून वाचावा.

पहिले काम हिशेबाचे आहे, आणि तो यंत्र विकत घेण्यापूर्वी करावा. छर्ऱ्यांची पिशवी २५ पौंडांची, म्हणजे ४०० औंसांची असते. एका काडतुसात एक औंस छर्रे घातले तर तिच्यात ४०० काडतुसे होतात, १⅛ औंस घातले तर ३५५, आणि .४१० साठी अर्धा औंस घातला तर ८००. पावडरच्या एका पौंडात ७००० ग्रेन असतात. काडतुसाला १८ ग्रेन लागतात असे धरले तर एका पौंडात सुमारे ३८८ काडतुसे भरतात. हा आकडा फक्त गणितासाठी आहे, तो भरण्याचे माप म्हणून वापरू नये. माझ्या गेल्या खरेदीत छर्ऱ्यांची पिशवी ५५ डॉलर, पावडर पौंडाला ३० डॉलर, हजार प्रायमर (पावडर पेटवणाऱ्या टोप्या) ८० डॉलर आणि ५०० वॉड (पावडर आणि छर्रे यांच्यामधले प्लास्टिकचे बूच) १५ डॉलर असा भाव पडला. रिकामी काडतुसे मैदानावरून वेचलेली, म्हणून फुकट. त्यानुसार बारा गेजच्या, एक औंस छर्ऱ्यांच्या २५ काडतुसांचा डबा सुमारे ८ डॉलर १० सेंटला पडतो. दुकानात तोच १० डॉलरला मिळत असेल तर बचत जेमतेम दोन डॉलरची. यंत्र, तराजू आणि किरकोळ सामान मिळून ३०० डॉलर घातले असतील, तर ते वसूल होण्यासाठी १५० डबे, म्हणजे ३७५० काडतुसे भरावी लागतील. .४१० चा डबा मात्र घरी सहा डॉलरच्या आसपास पडतो, आणि दुकानात मला तो १८ डॉलरपेक्षा कमी भावात क्वचितच दिसला आहे. तिथे तेच ३०० डॉलर पंचवीस डब्यांतच परत येतात. आपल्या वेळेची किंमत या हिशेबात धरलेली नाही. एका वेळी एकच काडतूस भरणाऱ्या एकेरी यंत्रावर मी निवांतपणे तासाला पाच डबे भरतो, म्हणजे बारा गेजमध्ये माझी मजुरी तासाला दहा डॉलर होते. ज्याला हे काम करण्यातच आनंद वाटतो, त्याने या आकड्याकडे दुर्लक्ष करावे, मीही करतो.

जुना प्रायमर काढणे, काडतुसाचा पितळी बूड मापात आणणे, नवा प्रायमर बसवणे, पावडर, वॉड आणि छर्रे घालणे ही कामे यंत्राचा दांडा ओढला की होतात, आणि यंत्रासोबतची पुस्तिका त्यांच्यासाठी पुरेशी आहे. एक गोष्ट मात्र स्वतः तपासावी. पावडर मोजणाऱ्या बुशिंगच्या छापील कोष्टकावर विसंबू नये. माझ्या यंत्रात प्रत्यक्ष माप कोष्टकापेक्षा सुमारे एक ग्रेन कमी पडते, म्हणून दहा मापे तराजूवर तोलल्याशिवाय मी पहिले काडतूस भरत नाही.

खरी अडचण क्रिम्पची, म्हणजे काडतुसाचे तोंड घडी घालून बंद करण्याची आहे. याविषयी मिळणारा सल्ला बहुधा एकच असतो: ‘स्क्रू थोडा आणखी खाली आवळा.’ हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो मानून मी एका हिवाळ्यात तीनशे काडतुसे वाया घालवली. तोंड नीट मिटत नव्हते म्हणून मी शेवटची डाय, म्हणजे घडी दाबून बसवणारा साचा, खाली खाली नेत राहिलो. काही काडतुसांची भिंत मध्येच फुगली आणि ती चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, शिरेनात, उरलेल्यांच्या तोंडाला मध्यभागी भोक राहिले आणि खिशात छर्रे सांडू लागले. तशातच एका गोठलेल्या सकाळी चाप ओढल्यावर ‘धाड’ऐवजी ‘भुस्’ असा आवाज आला. मी दुसरी गोळी झाडणार, तेवढ्यात शेजारच्या वयस्कर नेमबाजाने माझा हात धरला. बंदूक उघडून पाहिली तेव्हा नळीत न जळलेल्या पावडरचे दाणे होते आणि वॉड निम्म्यात अडकलेला होता. त्यामागून झाडले असते तर नळी फुटली असती. म्हणून वेगळा आवाज आला की थांबावे, बंदूक रिकामी करावी आणि नळीच्या आरपार उजेड दिसतो का ते पाहावे. यात कुणीही अपवाद नाही.

घडी ही दिसण्यासाठी नसते. प्रायमर पेटल्यावर पहिल्या क्षणी पावडरला विरोध मिळाला तरच ती पूर्ण जळते, आणि तो विरोध बऱ्याच अंशी घडीच देते. थंडीत हा फरक लगेच जाणवतो. उकडीचे मोदक वळणाऱ्याला हे सांगावे लागणार नाही: सारण कमी पडले तर तोंड आत बसते, जास्त झाले तर कळ्या जुळत नाहीत, आणि दोन्ही वेळा वरून चिमटे काढून उपयोग नसतो. काडतुसातही दोष खाली, आतल्या उंचीत असतो. घडीचा मध्य खोल गेला असेल तर पावडर, वॉड आणि छर्रे मिळून होणारी उंची कमी आहे. मध्यात भोक राहून घडी वर आली असेल तर ती जास्त आहे. अशा वेळी वॉड बदलावा, पण अंदाजाने नव्हे. पावडर उत्पादकाच्या कोष्टकात त्याच काडतुसासाठी, त्याच प्रायमरसह आणि त्याच वॉडची नोंद असलेली जुळणीच घ्यावी, कारण यांतील एकही घटक बदलला तर दाब बदलतो.

माझ्या तीनशे काडतुसांचे मूळ कारण तर त्याहून साधे होते. मी दोन कंपन्यांची काडतुसे एकत्र भरत होतो. रेमिंग्टन एसटीएसचे काडतूस आतून खाली निमुळते होत जाते, फेडरल गोल्ड मेडलचे आतून सरळ असते. तेवढेच साहित्य घातले तरी दोन्हींमध्ये उंची वेगळी येते. तेव्हापासून मी काडतुसे आधी कंपनीनुसार वेगळी करतो आणि मगच यंत्रापाशी बसतो. त्यानंतर जुन्या घडीच्या पाकळ्या मोजाव्यात, सहा आहेत की आठ, आणि घडी सुरू करणारा भाग तितक्याच पाकळ्यांचा लावावा. तो जुन्या रेषांवरच बसला पाहिजे, नाहीतर तोंड भोवऱ्यासारखे पिळते. मग घडीच्या सुरुवातीची खोली ठरवावी आणि सर्वांत शेवटी अंतिम डायची. पूर्ण झालेली घडी कडेपेक्षा सुमारे एक सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटर, आत असावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर पाच काडतुसे भरून पाहावीत. हे कंटाळवाणे आहे, पण तीनशे काडतुसे कापून छर्रे परत काढण्याइतके नाही.

तोंडाच्या पाकळ्यांना चीर गेलेले किंवा प्रायमर सैल बसणारे काडतूस कचऱ्यात टाकावे. भरताना काही खाऊ-पिऊ नये, सिगारेट तर नाहीच, आणि नंतर हात साबणाने धुवावेत, कारण छर्रे शिशाचे असतात. पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी अमेरिकेत १९९१ पासून शिसे चालत नाही. पण त्याऐवजी वापरायचे स्टीलचे छर्रे शिशाच्या कोष्टकानुसार कधीही भरू नयेत, त्यांचे वॉड आणि मापे पूर्णपणे वेगळी आहेत. भरलेल्या डब्यावर तारीख, पावडर, तिचे तोललेले वजन आणि वॉडचे नाव लिहावे. तसे न लिहिलेला डबा माझ्या कपाटात सापडला, तर मी तो झाडत नाही. त्यातली काडतुसे कापून छर्रे काढून घेतो.