आजीचं बोलणं उतरवून घेताना

काही वर्षांमागं कोल्हापूरच्या कडेला असलेल्या आमच्या फासेपारधी वस्तीवर पाहणीवाले आले. आजीला दोन तास बोलतं केलं, फोटो काढले, कागदावर अंगठा घेतला आणि गेले. परत कुणी फिरकलं नाही. आजी अजून विचारते, "माझं बोलणं कुठं गेलं गं?" तेव्हापासून वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं मीच नोंदवते. कुणाला आपल्या वाडीवस्तीवर हे करायचं असेल, तर माझी पद्धत सांगते.

मोबाइल काढायच्या आधी प्रश्न कुणाचे, ते ठरवा. पाहणीच्या तक्त्यात आम्ही असतो ते शाळा सोडलेली मुलं, कच्ची घरं आणि पोलीस केसेस म्हणून. ऑस्ट्रेलियाच्या समाजशास्त्रज्ञ मॅगी वॉल्टर स्वतः टास्मानियाच्या पलावा या मूळनिवासी समाजातल्या. मूळनिवासींची आकडेवारी नुसती तफावत, वंचितपणा, गैरसोय, बिघाड आणि वेगळेपण मोजत बसते, असं त्यांनी मांडलंय. मी बायकांना गोळा करून विचारलं, आपण काय मोजायचं? एक म्हणाली, आपली बोली किती पोरांना येते ते मोज. दुसरी म्हणाली, वस्तीतली बाळंतपणं कुणी सोडवली ते लिही. आमचा तक्ता तिथनं सुरू झाला.

साल विचारू नका. "तुझं लग्न कुठल्या साली?" म्हटलं की आजी गप्प. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुझ्यापाशी कोण होतं?" म्हटलं, तर लगेच बोलली, "तुझा बाप अंगावर पीत होता. पालाच्या काठ्या हलल्या, मी त्याला छातीशी धरून बाहेर पळाले." भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. वडिलांच्या दाखल्यावर जन्मसाल १९७० आहे. दाखला चुकीचा, आजी बरोबर. बहात्तरचा दुष्काळ, २००५ चा पूर, असे खुंट ठोकत गेलात की आयुष्याची मांडणी आपोआप होते.

तोंडी आठवण कच्ची, असं कुणी म्हणालं तर दबू नका. ऑस्ट्रेलियाच्याच व्हिक्टोरिया राज्यातले गुंडिटजमारा हे मूळनिवासी लोक बड्ज बिम हा डोंगर आपला पूर्वजच मानतात. तो ज्वालामुखी आहे आणि अभ्यासकांनी त्याचा उद्रेक सुमारे ३७,००० वर्षांपूर्वीचा काढलाय. त्या उद्रेकाचीच आठवण या गोष्टीत टिकून असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. तिथं त्यांनी ईल माशांसाठी बांधलेले दगडी सापळे २०१९ मध्ये जागतिक वारसा ठरले. हे वाचलं आणि आजोबांच्या फाशांचा गठ्ठा मी पहिल्यांदा नीट उलगडून पाहिला. बारक्या खुंट्यांची लांब रांग, दर खुंटीला एक फास, आणि इतकं असून गुंता कुठंच नाही.

परवानगी तीनदा घ्या. बोलण्याआधी, सगळं ऐकवून झाल्यावर, आणि बाहेर कुणाला देण्याआधी. आजोबा कुठल्या माळावर तितरं धरायचे, ते टेपमध्ये आहे. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आली, आणि संशय पहिल्यांदा पारध्याच्याच दारात येतो. म्हणून तो भाग घरच्या प्रतीत ठेवला, बाहेरच्या प्रतीतनं काढला. जगभरच्या मूळनिवासी अभ्यासकांनी २०१९ मध्ये 'केअर' तत्त्वं मांडली, त्यात हेच आहे: माहितीचा फायदा समाजाला, तिच्यावर हुकूमत समाजाची, वापरणाऱ्यावर जबाबदारी, आणि सगळ्याला नीतीची चौकट.

सरकारी दप्तरं नंतर बघा. आधी बघितलीत तर त्यांचेच शब्द तुमच्या प्रश्नांत शिरतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरवला, त्या काळचे पोलिसी कागद त्याच नजरेचे. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये संस्थानात या जमातींची सरकारी हजेरी बंद केली, हे पुस्तकात मिळतं. हजेरीला उशीर झाला की पोटात गोळा कसा यायचा, ते आजीला तिच्या वडिलांनी सांगितलेलं. दोन्ही शेजारी शेजारी लिहा. एकासाठी दुसरं खोडू नका.

आमच्या नोंदींची एक प्रत पेनड्राइव्हवर, आजीच्या पत्र्याच्या पेटीत असते. किल्ली तिघींपाशी. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून दरवर्षी त्या तारखेला पेटी उघडतो, ज्याचं त्याला ऐकवतो आणि विचारतो, "राहू दे, का काढू?" गेल्या वर्षी एका मावशीनं नवऱ्याच्या दारूचा भाग काढायला लावला. तिथल्या तिथं काढला.